लेकीच्या घरची लाईट

मखमलाबादच्या चिमाजीनानांचा उजवा कोपर डाव्यापेक्षा चांगला दोन छटा काळा आहे. टेम्पोच्या खिडकीत टेकवून तीस वर्षं परतीच्या उन्हात भाजलेला कोपर तो. स्वतःच्या मळ्यातली शेवंती आणि गुलछडी, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे गुलाब, सगळं संध्याकाळी टेम्पोत भरायचं, कसारा घाट उतरायचा, पहाटे दादरच्या फुलबाजारात माल टाकायचा आणि दुपारच्या भाकरीला घरी हजर व्हायचं, यात माणसाचं अर्धं आयुष्य गेलं. टेम्पो विकला त्याला आता सहा वर्षं झाली, पण कोपर काही उजळला नाही.

नाना बोलायला कडक. गावात म्हणतात, नानांशी वाद घालण्यापेक्षा बांधावरच्या बाभळीशी घालावा, ती निदान सावली तरी देते. आणि असं म्हणणारेच दुसऱ्या दिवशी नानांच्या ओट्यावर सल्ल्याला येऊन बसतात, हेही खरं. एकदा शब्द दिला की नाना तो मोडत नाहीत, म्हणून येतात. शब्द पाळणारी माणसं दुरून फार चांगली दिसतात. त्यांच्या घरात राहणाऱ्यांना विचारा.

नानांचा मुलगा राज अंबडला कंपनीत आहे. त्याला न्यायला-आणायला कंपनीची बस येते. दोन वर्षांपूर्वी त्याने घरच्या रोजच्या कामासाठी बॅटरीवरची पांढरी गाडी घेतली. नातीला शाळेत सोडायचं, आईला गुडघ्याच्या डॉक्टरकडं न्यायचं, सणावाराला नातेवाइकांकडं जायचं, एवढाच हेतू. नानांनी पंधरा दिवस गाडीला हात लावला नाही.

"आवाज नाय, धूर नाय, वास नाय," ते म्हणाले. "ही गाडी हाय का भूत?"

सोळाव्या दिवशी घरात कुणी नाही असं बघून नाना आत बसले. बटण दाबलं, काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं, तरी काही नाही. डावा पाय क्लच शोधत राहिला, क्लच तिथं नव्हताच. नानांनी वैतागून उजवा पाय टेकवला आणि गाडी कुणाला न विचारता पुढं सरकली ती थेट गुलछडीच्या रिकाम्या क्रेटांवर जाऊन टेकली. गाडी मघापासून चालूच होती. नवसाबाईंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. त्यानंतर मात्र दिवसभर गाडी नानांचीच झाली.

चार्जिंगचं त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. विहिरीवरच्या मोटारीला लाईट कोणत्या आठवड्यात दिवसा आणि कोणत्या आठवड्यात रात्री, हे ज्याला उभ्या जन्माचं पाठ, त्याला गाडी कधी लावायची हे काय सांगायचं? नवसाबाई देव्हाऱ्यात दिवा लावायच्या, त्याच वेळी नाना पडवीतल्या जाड तीन पिनांच्या प्लगाला गाडीची वायर लावायचे. गाडीवर छोटा हिरवा ठिपका लुकलुकायला लागायचा. चहा येईपर्यंत नाना तिथंच बाकावर बसून त्या ठिपक्याकडं बघत राहायचे. गोठ्यात शेवटची गाय होती तेव्हाही ते असेच बसायचे, ती खात असताना.

गाडीच्या पडद्यावर आकडा दिसायचा, अजून किती किलोमीटर जाईल त्याचा. नानांचा त्यावर अर्धाच विश्वास. "ती बोलती एकशे नव्वद, मी धरतो एकशे सत्तर," असं म्हणायचे. आणि उन्हाळ्यात नानांचाच आकडा खरा ठरायचा.

पण या गाडीने नानांना जे दिलं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. टेम्पोचं इंजिन तीस वर्षं त्यांच्या डोक्यात घरघरत होतं. त्या घरघरीत माणसाला विचार करता येत नाही, आणि नानांना ते सोयीचं होतं. या गाडीत तसं काही नव्हतं. रस्ता आपला खालून वाहत राहायचा. आडगाव मागं पडलं की दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव लागायचे, मांडवाखाली हिरवा अंधार असायचा, त्यात कुणीतरी बाई वाकून काम करताना क्षणभर दिसायची आणि जायची. चांदोरीला गोदावरीवरून वारं यायचं. आणि अशा शांततेत जुन्या गोष्टी एकेक करून येऊन नानांच्या शेजारच्या सीटवर बसायच्या. घाटातलं धुकं यायचं, ओल्या पोत्याखालच्या गुलछडीचा वास यायचा. लहानगी साधना यायची, टेम्पोच्या मागच्या फळीवर पाय हलवत बसलेली. नाना गाडी चालवता चालवता तिच्याशी मनातल्या मनात बोलायचे, आणि निफाड कधी आलं ते त्यांना कळायचंसुद्धा नाही.

साधना त्यांची थोरली. लासलगावला दिली. जावई शेखरराव कांद्याच्या व्यापारात, स्वतःचं छोटं गोदाम, माणूस शांत. घर स्टेशनच्या बाजूला, दारात कढीपत्त्याचं झाड. लेक सुखात होती, फक्त एक गोष्ट झाली नाही.

लग्नात कन्यादानाचं पाणी सोडताना नानांनी मनाशी शब्द धरला होता, तोही त्यांच्या बापाने धरला होता तसाच: लेकीची कूस उजवेपर्यंत तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही. जुन्या लोकांत ही रीत आहे. दान दिलं त्या घरचं आपण खायचं-प्यायचं नाही, नातवंड झालं की मग हक्काने जेवायला बसायचं. सगळ्यांना वाटलं, वर्ष-दोन वर्षांचा तर प्रश्न. त्याला दहा वर्षं झाली. नाशिकच्या डॉक्टरांकडं जाऊन झालं, देवदेव झाले, मग हळूहळू त्याविषयी कुणी बोलेनासं झालं. नानांचा शब्द मात्र जिथल्या तिथं होता.

नाना लासलगावला जायचे ते पोट भरून. विंचूरच्या अलीकडं कडुलिंबाखाली गाडी उभी करायची, नवसाबाईंनी फडक्यात बांधून दिलेली भाकरी खायची, बाटलीतलं पाणी प्यायचं आणि मगच लेकीच्या दारात उतरायचं. साधना पाण्याचा तांब्या आणून पुढं ठेवायची, आलेल्या माणसापुढं पाणी ठेवायलाच हवं. नाना तांब्याला बोटं लावायचे, ती बोटं कपाळाला न्यायचे आणि म्हणायचे, "पावलं." साधना तांब्या उचलून आत न्यायची. नाना तिथं मोबाइलसुद्धा चार्जिंगला लावायचे नाहीत. लाईट झाली तरी लेकीच्याच घरची.

तुम्ही म्हणाल, हा काय हट्ट? नानांनाही तसं वाटायचं. त्या शांत गाडीत बसल्यापासून तर फारच वाटायला लागलं. आपण तांब्या परत करतो तेव्हा लेकीला दर वेळी तीच एक गोष्ट दाखवतो, हे त्यांना कळत होतं. पण उद्या आपण पाणी प्यालो तर त्याचा अर्थ काय होईल? आता काही होणार नाही, बापानेसुद्धा आशा सोडली, असंच तिच्या तोंडावर सांगितल्यासारखं होईल. न प्यावं तर लेकीला दुखतं, प्यावं तर त्याहून दुखेल. असं त्यांचं इकडे आड, तिकडे विहीर झालेलं होतं, आणि तोंडाने ते "पावलं" एवढंच म्हणत होते.

मग गेल्या माघात साधनाचा फोन आला. "नाना, मला गाडी शिकवाल का? हिला गेअर नाय म्हणतात. मला स्वतःचं स्वतः नाशिकला येता आलं पाहिजे, किती दिवस ह्यांची वाट बघायची?"

नानांनी आयुष्यात कुणाला गाडी शिकवली नव्हती. राजला शिकवायला घेतलं होतं, तर तिसऱ्या दिवशी राज रिक्षाने घरी आला होता. पण लेकीला नाही म्हणता आलं नाही. रविवारी बाजार समितीचं आवार मोकळं असायचं. आठवडाभर जिथं ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात, बोली चालते, तिथं रविवारी नुसती कांद्याची टरफलं वाऱ्यावर फिरत असायची. त्या मोकळ्या आवारात साधना पांढरी गाडी गोल गोल फिरवायला शिकली.

आता यात नानांचा एक हिशोब होता. भरली गाडी एकशे सत्तर. जाऊन-येऊन एकशे पंचवीस. पंधरा हाताशी राखायचे, कारण अडीअडचण सांगून येत नाही. राहिले तीस. म्हणजे साधनाच्या वाट्याला दर रविवारी तीस किलोमीटर. तीस झाले की नाना म्हणायचे, "बास, आता उतर." एखादीला खेळ रंगात आला असताना हाक मारावी तशी ती उतरायची. तिच्या दारात चार्जिंगची सोय नव्हती असं नाही. पाण्याच्या मोटारीचा जाड प्लग ओट्यालाच होता. गाडीच्या डिकीत राजने दिलेली वायरीची पिशवीही होती, तिची चेनसुद्धा नानांनी उघडली नव्हती. साधनाने एकदाही विचारलं नाही, "इथं लावू का?" ती नानांचीच लेक होती.

चैत्रातल्या त्या रविवारी साधना म्हणाली, "नाना, आज आवारात नको. चांदवडच्या रस्त्याला जाऊ."

नाना शेजारच्या सीटवर बसले. सुरुवातीला त्यांचे दोन्ही पाय ब्रेक दाबत होते, जिथं ब्रेक नव्हता तिथं. ट्रक समोरून आला की हात दाराच्या कडीला जायचा. पण पोरीचा हात स्थिर होता. तिने एका ट्रॅक्टरला मागं टाकलं ते इतकं अलगद की ट्रॅक्टरवाल्याने मान वळवून पाहिलं. नानांनी सीटला डोकं टेकवलं. बाहेर ऊन पांढरं झालं होतं. कापणी झालेली रानं, कांद्याच्या चाळी, मग लांबवर चांदवडच्या डोंगरांची निळी कड. गाडीत काहीच आवाज नव्हता, फक्त साधनाच्या बांगड्या स्टिअरिंग वळलं की किणकिणायच्या. नानांना वाटलं, आपण टेम्पोत आहोत आणि घाट संपला आहे. नंतर वाटलं, घाट कधी नव्हताच. फुलं कुठंतरी उतरवून झाली आहेत, आता कुठं पोचायचं नाही. फळीवर बसलेली पोर पुढं येऊन गाडी चालवते आहे आणि आपण मागं पाय हलवत बसलो आहोत. तीस वर्षांत नानांनी दुसऱ्याच्या हातात गाडी देऊन डोळे मिटले नव्हते. त्या दिवशी मिटले, आणि ते मिटलेलेच राहिले.

जागे झाले तेव्हा गाडी लेकीच्या दारात होती. कढीपत्त्याची सावली काचेवर हलत होती. साधना शेजारी तशीच बसून होती, उतरलीही नव्हती.

"किती वेळ झोपलो गं?"

"झाले दीड-दोन तास."

नानांनी पडद्याकडं पाहिलं. अडतीस.

"अडतीस? अगं, सत्तर किलोमीटर कुठं घातलेस?"

"डोंगरापर्यंत गेले," साधना म्हणाली. "तिथून वळले. पण तुम्ही इतके गाढ झोपला होता, गाडी थांबली की जागे झाला असता. म्हणून घरावरून तशीच पुढं नेली, विंचूरला वळसा घातला. मग आणखी एक घातला. तुम्हाला असं झोपलेलं मी कधी बघितलंच नव्हतं, नाना."

नाना रागावणार होते. रागावायला तोंड उघडलंही होतं, पण त्यातून राग काही आला नाही. अडतीसात मखमलाबाद होत नाही. बासष्ट लागतात.

ते खाली उतरले आणि राजला फोन लावला. निफाडला रस्त्याकडेच्या हॉटेलाशेजारी चार्जिंग आहे, तिथवर गाडी जाईल, असा त्यांचा बेत. राजने मोबाइलवर बघून सांगितलं, "नाना, ते बंद दाखवतंय. ताईकडंच लावा ना, दोन-अडीच तासांचं तर काम आहे."

"ताईकडं नाय."

 "नाना, आता पुरे करा की," राज म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. बापाचा फोन आधी ठेवण्याची त्याची ही पहिलीच वेळ.

साधना ओट्यावर उभी राहून ऐकत होती. नाना तिच्याकडं न बघता म्हणाले, "निफाडला जाऊन बघतो. नाय तर गाडी तिथंच उभी करून बसने जाईन."

"गाडी रस्त्यावर टाकून जाल?"

"जाईन."

"पण लेकीच्या घरच्या प्लगाला लावणार नाय."

"साधना, तुला माहीत हाय..."

"माहीत हाय," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, नानांना ते जास्त लागलं. "नाना, हे झाड बघा. लग्नाच्या वर्षी लावलंय. तुम्ही तांब्या परत केला की मी आत नेऊन ओतत नव्हते, मागल्या दाराने येऊन ह्याला घालत होते. दहा वर्षं तुमच्या वाट्याचं पाणी ह्याने प्यालंय. बघा किती वाढलं."

नानांनी वर पाहिलं. झाड पुरुषभर उंचीच्याही वर गेलं होतं. इतक्या वेळा ते त्याच्या सावलीत गाडी लावत आले होते.

"मी प्यालो," नाना म्हणाले आणि थांबले. "मी प्यालो म्हणजे मी मान्य केलं, असं होईल गं पोरी. तुझ्या बापानेच आशा सोडली, असं होईल. मला ते जमत नाय."

"मी कधीच सोडली," साधना म्हणाली. "चार वर्षं झाली. आम्ही दोघांनी बसून, बोलून सोडली. त्या दिवशी रडले, दुसऱ्या दिवशी उठून गोदामाच्या कामाला लागले. आता मला तसं काही वाटत नाय. रविवारी तांब्या परत येतो, तेवढंच वाटतं. आम्ही दोघं सुखात हाय, नाना. वाट बघणारे तुम्ही एकटेच राहिलात."

दूर रेल्वेत कांद्याच्या गोण्या चढवत होते, हमालांचे आवाज येत होते. नाना उन्हात उभे होते आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. आपण दहा वर्षं जे सांभाळलं ते लेकीसाठी सांभाळलं, असं त्यांना वाटत होतं. लेक त्यातून कधीच निघून पुढं गेली होती आणि हे म्हातारं दारात शब्द घेऊन उभं होतं. रडू आलं. त्यांनी डोळे उजव्या कोपराने पुसले.

मग त्यांनी डिकी उघडली. वायरीच्या पिशवीची चेन नवी होती, लवकर सरकेना. साधनाने पुढं होऊन पाण्याच्या मोटारीची पिन काढली. नानांनी गाडीची पिन त्या जागी लावली आणि बटण खाली केलं. हिरवा ठिपका लुकलुकायला लागला. घरी लुकलुकतो तसाच, तेवढाच.

नाना ओट्यावर टेकले. साधनाने तांब्या आणून पुढं ठेवला. नानांचा हात सवयीने पुढं गेला, बोटं तांब्याला लागली, आणि कपाळाकडं जाता जाता थांबली. तांब्या थंड होता. साधनाने तो परत घेण्यासाठी हात पुढं केला नाही. ती नुसती उभी राहिली.

नानांनी तांब्या उचलला आणि वरूनच तोंडात धार धरली. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. उरलेलं अर्धं ते न थांबता प्यायले. लासलगावच्या पाण्याला थोडी मचूळ चव होती. आपली लेक दहा वर्षं हे असलं पाणी पिते आणि आपल्याला माहीतच नाही, असं त्यांच्या मनात आलं.

"अजून आणू?" साधनाने विचारलं.

"आण. आणि भूक लागलीय."

साधना आत पळाली. चौतिशीची बाई ती, पण पळालीच. पिठलं-भाकरी, कांदा, लोणच्याची फोड. नानांनी पहिला घास घेतला आणि त्यांना काही ओळखू येईना. साधनाच्या हातची चव त्यांना पाठ होती, माहेरी असताना ती पिठलं चांगलं झणझणीत करायची. हे पिठलं मवाळ होतं, मीठही कमी.

"मीठ विसरलीस का?"

"ह्यांना बीपी हाय ना. पाच वर्षं झाली, कमीच घालते."

नाना जेवता जेवता थांबले. जावयाला पाच वर्षं बीपी आहे. लेकीच्या हाताची चव बदलून पाच वर्षं झाली. लेकीच्या घरी आपण इतक्या वेळा आलो, पण दारातल्या दारात आलो, घरात आलोच नाही. त्यांनी आणखी पिठलं मागून घेतलं. तेवढ्यात शेखरराव गोदामावरून आले. दारात त्यांनी सासऱ्यांच्या पुढ्यातलं ताट पाहिलं, आणि मागं फिरून बाहेर गाडीजवळ जाऊन बसले. बराच वेळ वायर उगाच नीट करत होते. आत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते, आणि कांद्याच्या व्यापाऱ्याला त्याची सबब सांगावी लागत नाही.

पुढचे दोन तास नाना त्या घरात पाहुण्यासारखे नव्हते. त्यांनी स्वयंपाकघर पाहिलं, मागचं न्हाणीघर पाहिलं, साधनाने शिवलेल्या उशांचे अभ्रे पाहिले. मग कॉटवर आडवे झाले. पंखा फिरत होता. उघड्या दारातून गाडीचा हिरवा ठिपका दिसत होता, त्याच्यापलीकडं झाडाची सावली. नाना त्या ठिपक्याकडं बघत पडून राहिले. डोळ्यांवर पुन्हा गुंगी आली, आणि तिच्यात टेम्पो नव्हता, घाट नव्हता, हेच घर होतं आणि आत कुणीतरी भांडी घासत होतं. पडद्यावर ऐंशी झाले तरी त्यांनी उठायची घाई केली नाही.

रात्री घरी पोचल्यावर नवसाबाईंनी विचारलं, "उशीर केला?"

"गाडी लावली होती तिकडं," नाना म्हणाले. नवसाबाईंनी त्यांच्याकडं एकदा पाहिलं. सदऱ्यावर पाण्याचा डाग वाळला होता. त्यांनी तो सदरा धुवायला घेतला.

पुढच्या शनिवारी नवसाबाईंनी देव्हाऱ्यात दिवा लावला, बाहेर येऊन बघतात तर पडवीत हिरवा ठिपका नाही. नाना बाकावर नुसते बसलेले.

"अहो, दिवेलागण झाली. गाडी नाय लावली?"

"अठ्ठ्याण्णव हायेत तिच्यात."

"अठ्ठ्याण्णवात लासलगाव जाऊन-येऊन होतं का?"

"जाऊन होतं," नाना म्हणाले.

नवसाबाई दाराची चौकट धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. चार वर्षं त्या लेकीकडं गेल्या नव्हत्या. गुडघे दुखतात म्हणायच्या. गुडघे दुखत होते हे खरंच, पण तेवढंच खरं नव्हतं. लेकीने पुढं केलेला तांब्या परत करायला त्यांचा हात उठायचा नाही.

सकाळी नाना गाडी पुसून बाहेर काढत होते, तेव्हा नवसाबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून ओट्यावर आल्या. हातात शेवंतीची पुडी होती, लेकीच्या केसांत माळायला. एकेक पायरी उतरत त्या गाडीपाशी आल्या. नानांनी सवयीने दाराच्या खणात पाण्याची बाटली ठेवली होती. नवसाबाईंनी ती उचलली, परत दोन पायऱ्या चढून ओट्यावर ठेवली आणि गाडीत येऊन बसल्या.

"चला," त्या म्हणाल्या. "लेकीच्या घरी पाणी हाय की."